फळीतला पीळ

अंगावरून वारं गेलं त्या दिवसापासून मोहिउद्दीनभाईंच्या तोंडात एकच शब्द उरला होता. हां. भूक लागली तरी हां, पोट भरलं तरी हां. पंखा लावू का विचारलं तरी हां, आणि हुडहुडी भरत असताना बायकोने, बिल्किसने, पंखा लावला की तिच्याकडे बघून कळवळून म्हणायचे तेही हांच. मान हलवून नाही म्हणायला जावं, तर मानही जिभेला सामील झालेली. ती वरखालीच हलायची. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, त्याचं एक वेळ चाललं असतं. पण आतलं सगळं शाबूत होतं. माणसं ओळखू येत होती, बोलणं समजत होतं, आणि उत्तर तोंडाशी आलं की त्याचं हां होऊन जात होतं. डॉक्टरांनी बिल्किसला बजावलं होतं, "त्यांना कळतं सगळं. पण नाही म्हणायचं असलं तरी हां येईल. सांभाळून घ्या." बिल्किस सांभाळून घेत होती. तरी दिवसभर कोण लक्षात ठेवणार? हां ऐकलं की माणूस होकारच समजतो.

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. लूमचा शाफ्ट वाकला, गिअरचा दात गेला, धोटा मारणारा दांडा मोडला की आसपासचे लूमवाले त्यांच्याकडेच यायचे. लूमच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, त्यामुळे मोहिउद्दीनभाई जन्मभर हातवाऱ्यांनीच जास्त बोललेले. बोट असं केलं की पाना, तसं केलं की तेल. पण तो बोलणारा हात उजवा होता. डाव्या हाताला ती भाषा कधी शिकवलीच नव्हती, आणि आता शिकवायला गेलं की तोही भलतंच काहीतरी दाखवायचा.

आजारपणात वर्कशॉपचं शटर बंद राहिलं. त्याच काळात वाळवीने काम साधलं. मुलगा अरशद शटर वर करून आत गेला आणि त्याने सहज म्हणून कामाच्या बाकड्यावर हातोडी ठेवली, तर ती फळीत रुतली. वरून रंग, तेलाचे डाग, ऐरणीच्या खुणा सगळं जसंच्या तसं. आत नुसता भुसा.

अरशद नाशिक हायवेवरच्या एका गोदामात सुपरवायझर होता. त्याने ती नोकरी सोडली. बिल्किस त्याला म्हणाली, "चांगली एसीतली ड्युटी सोडून काळं तेल कशाला अंगाला लावतोस?" तो म्हणाला, "अम्मी, अब्बांचं नाव त्या गल्लीत अजून चालतंय. शटर बंद राहिलं तर ते पण संपेल." मोहिउद्दीनभाई पलंगावरून ऐकत होते. त्यांना पोराला जवळ घ्यावंसं वाटलं. तोंडातून निघालं ते हां, आणि त्या एका वेळी तरी तो शब्द बरोबर जागी पडला.

नवीन बाकड्याची फळी प्लायवूडची करायची, हे अरशदने मोबाइलवर बघून ठरवलं. दोन शीट आणायच्या, लांबीत मधून कापायच्या, आणि ते चार पट्टे एकावर एक गोंदाने चिकटवून एकच जाडजूड फळी करायची. ती फुगत नाही, फाटत नाही, तिच्यावर लोखंडी पकडीचा वाइस बसवून कितीही हाणा, हलत नाही. बेत चांगला होता. मोहिउद्दीनभाईंनीही असाच केला असता.

"अब्बांना घेऊन जाऊ या," अरशद म्हणाला. "त्यांच्यासमोर होऊ दे काम."

"धुरळ्यात? ऊन बघ कसलं हाय," बिल्किस म्हणाली.

"बाहेर सावलीत बसवतो. बघतील तरी. किती महिने नुसती भिंत बघतायत."

ती तयार झाली. टेमघरच्या घरातून दोघांनी मिळून त्यांना जिना उतरवून रिक्षात घातलं. रिक्षा नाक्याच्या गर्दीत शिरली तसे मोहिउद्दीनभाई ताठ झाले. ओळखीच्या दुकानदाराने हात केला. त्यांनी डावा हात वर केला. गल्लीत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या लूमचा आवाज अंगावर आला आणि त्यांचे डोळे भरून आले. बिल्किसने ओढणीच्या टोकाने ते पुसले आणि म्हणाली, "बघा, आलात ना परत."

वर्कशॉपची जमीन रस्त्याहून बरीच उंच होती, गटाराचं पाणी आत येऊ नये म्हणून. आत प्लाय कापल्याचा भुसा उडत होता, म्हणून अरशदने खुर्ची खाली, शटरच्या समोर, रस्त्याच्या कडेला ठेवली. आत धाकल्या होता, अरशद त्याला काका म्हणायचा. वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका पाड्यावरून तो रोज पहिल्या बसने यायचा आणि मोहिउद्दीनभाईंच्या हाताखाली ऐरणीवर घण मारायचा. वर्कशॉप बंद झाल्यावर वीटभट्टीवर गेला होता. अरशदचा निरोप मिळाल्याबरोबर परत आला. त्याने पायरी उतरून मोहिउद्दीनभाईंचा निर्जीव हात दोन्ही हातांत धरला.

"उस्ताद, बरा हाय ना?"

"हां," मोहिउद्दीनभाई म्हणाले.

अरशदने चार पायांच्या दोन लोखंडी घोड्या मांडल्या होत्या. त्यांवरच चारही थर रचून, चिकटवून, शिकंज्यांनी आवळून ठेवायचे होते. त्याने पाणसळ काढली, पुढच्या बाजूला दोन्ही घोड्यांवर आडवी ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. मग डाव्या घोडीवर पुढून मागे ठेवली, तिथेही मध्ये.

"एकदम पाण्यासारखी लेव्हल, अब्बा!" त्याने खाली ओरडून सांगितलं.

उजव्या घोडीवर पुढून मागे त्याने पाणसळ ठेवली नाही.

मोहिउद्दीनभाईंना ती जमीन तळहातासारखी माहीत होती. उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यात पूर्वी मोरी होती. तिथे ते सुटे भाग रॉकेलने धुवायचे, म्हणून गवंड्याकडून मुद्दाम त्या कोपऱ्याला उतार काढून घेतलेला. नंतर मोरी बुजवली, पण उतार राहिला. जुन्या बाकड्याच्या त्या कोपऱ्यातल्या पायाखाली त्यांनी स्वतः लोखंडाची पट्टी सरकवली होती. बाकडं मोडलं तेव्हा ती पट्टी भंगारात गेली असणार.

तरीही ते लगेच अस्वस्थ झाले नाहीत. पोरगा तिसऱ्या बाजूला बघेल असं त्यांना वाटलं. पहिला पट्टा घोड्यांवर पडला. धाकल्याने डबा उपडा करून पांढराशुभ्र गोंद ओतला आणि अरशद पत्र्याच्या तुकड्याने तो पसरू लागला. दुसरा पट्टा त्यावर आला. पुन्हा गोंद. उन्हाळ्याचे दिवस, गोंदावर बघता बघता साय धरत होती. "काका, जल्दी," अरशद म्हणत होता. "हा सुकला तर मेहनत पाण्यात."

खुर्ची खाली असल्यामुळे मोहिउद्दीनभाईंची नजर नेमकी त्या पट्ट्यांच्या उंचीला होती. सुतार एक डोळा मिटून, वाकून जे बघतो, ते त्यांना न वाकता दिसत होतं. पुढची कड सरळ रेघेसारखी. तिच्यामागून मागची कड डाव्या बाजूला बोटभर वर दिसत होती, आणि उजवीकडे येता येता ती खाली खाली जात पुढच्या कडेआड बुडून जात होती. फळीला पीळ बसत होता.

अजून काही बिघडलं नव्हतं. ओला गोंद होता. घोडीच्या त्या एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवला असता तरी भागलं असतं. पण एकदा का शिकंजे आवळले आणि चार थर त्या पिळातच एकमेकांना धरून बसले, की मग संपलं. प्लायची अशी फळी कधी वाकत नाही म्हणतात, ते खरं. पण वाकडी जन्मली तर ती कधी सरळही होत नाही. साधं लाकूड रंध्याने काढून काढून जाग्यावर आणता येतं. प्लायला रंधा लावला की थर उघडे पडतात.

"हां," मोहिउद्दीनभाई म्हणाले.

अरशदने मान वर करून बघितलं आणि तो हसला.

"हां! हां!" त्यांनी डावा हात उचलून त्या पायाकडे दाखवायचा प्रयत्न केला. हात वर गेला आणि हवेत गोल फिरला.

"उस्ताद कायतरी सांगतायत," धाकल्या थांबून म्हणाला.

"खूश आहेत, काका. किती दिवसांनी बघतायत. थांबू नका, तिसरा आणा."

तिसरा पट्टा आला. मोहिउद्दीनभाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात एकेक शब्द जुळवला. उजवा. मागचा. पाय. सोपे शब्द होते, लहान मुलाला येणारे. त्यांनी ते जिभेवर आणले, ओठ आवळले, सगळा जीव एकवटला.

"हां!"

गल्लीतले लूम चालूच होते. पलीकडून जाणारा एक हमाल त्यांच्याकडे बघून थबकला आणि पुढे गेला. चौथा पट्टा बसला. अरशदने शिकंजे घेतले. पहिला पुढच्या डाव्या कोपऱ्याला, दुसरा मागच्या डाव्या. धाकल्या पट्टे सरकू नयेत म्हणून पोटाने दाबून धरत होता. प्रत्येक आट्यासरशी कडांमधून पांढरा गोंद थेंब थेंब बाहेर येत होता, आणि अरशद ते बघून समाधानाने मान हलवत होता, कारण गोंद असा बाहेर आला म्हणजे काम पक्कं झालं, असं त्याने मोबाइलवर बघितलेल्या माणसाने सांगितलं होतं.

तेवढ्यात बिल्किस समोरच्या बोहऱ्याच्या दुकानातून थंड पाण्याची बाटली घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा लाल झालेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटतोय.

"अवो, काय झाला? पाणी हवं?"

"हां!"

तिने बाटली तोंडाला लावली. त्यांनी हाताने ती बाजूला सारली. पाणी कुर्त्यावर सांडलं.

"मग काय? लघवीला जायचंय?"

"हां! हां!" ते जवळजवळ रडत म्हणाले.

"या अल्ला, मग एवढा वेळ दाबून बसलात होय! चला, मशिदीच्या बाजूला नेते तुम्हाला. अरशद, जरा हात लाव रे."

"अम्मी, दोन मिनिटं, गोंद सुकतोय."

"मीच नेते." तिने त्यांच्या काखेत हात घातला आणि उठवायला लागली.

ती त्यांना वर्कशॉपपासून दूर नेणार होती. मोहिउद्दीनभाईंना एवढंच कळलं. त्यांनी डाव्या पायावर भार टाकला आणि उलट्या दिशेला, पायरीकडे, अंग फेकलं. पायरी चढून घोडीच्या त्या पायापाशी जाऊन पडता आलं असतं, हात तिथे टेकवता आला असता, तर मग कोणाला बोलण्याची गरज नव्हती. डावा पाय पायरीला लागलासुद्धा. उजवा मागे राहिला. बिल्किसच्या हातातून ते सुटले आणि पायरीच्या कडेवर तोंडावर आपटले.

भुवई फुटली. रक्त एवढं आलं की बिल्किस किंचाळली. अरशदच्या हातातला शिकंजा खाली पडला. तो आणि धाकल्या दोघेही उडी मारून खाली आले. कोणीतरी रिक्षा बोलावली. गोंदाने माखलेल्या हातांनीच अरशदने वडलांना उचललं. रिक्षात त्यांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काही नाही झालं अब्बा, काही नाही झालं."

मोहिउद्दीनभाई वर्कशॉपच्या दिशेने बघत होते. उजवीकडचे शिकंजे लावायचे राहिले होते. अजून वेळ होता. कोणीतरी जाऊन ते डावीकडचे दोन ढिले केले असते, पायाखाली काही सरकवलं असतं, तरी फळी वाचली असती.

दवाखान्यात टाके घातले. डोक्याला मार लागलाय म्हणून फोटो काढायला दुसरीकडे पाठवलं, तिथे रांग होती. सगळं आटपून घरी येईपर्यंत दुपार कलून असरची अजान झाली. धाकल्याला संध्याकाळची बस गाठायची होती. फळीची आठवण कोणाला झाली नाही. ज्याला होती त्याला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अरशद वर्कशॉपमधून लवकरच घरी आला. बिल्किसने विचारल्यावर म्हणाला, "फळी वाकडी झाली. जमिनीवर ठेवली तर डुगडुगते. वर शाफ्ट ठेवला तर आपोआप फिरत जातो." मग वडलांकडे बघून घाईने म्हणाला, "तुमची काही चूक नाही अब्बा. अर्धे शिकंजे राहून गेले ना, म्हणून. तुम्हाला बघायचं की फळीला?"

"मी सांगत होते नेऊ नको म्हणून," बिल्किस म्हणाली. ती पट्टी बदलत होती. टाक्यांना लागू नये म्हणून फुंकर घालत, लहान मुलाला समजवावं तशी ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही कशाला उठायला गेलात? पोरगा एवढ्या हौसेने करत होता."

मोहिउद्दीनभाईंना कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोघंही त्यांना माफ करत होती. भिंतीकडे तोंड करावं म्हटलं तर कुशीवर वळायलाही बिल्किसचा हात लागत होता.

त्यानंतर काही दिवसांनी अरशद भरदुपारी घरी आला. चपला न काढताच पलंगापाशी येऊन बसला. वर्कशॉपमध्ये त्याच्या हातातून एक बेअरिंग सुटलं होतं, आणि घरंगळत घरंगळत थेट मागच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबलं होतं. त्याने ते आणून दुसऱ्या जागी सोडलं, तर तेही तिथेच गेलं. मग त्याने घोडी पुन्हा मांडून त्या बाजूला पाणसळ ठेवली.

"अब्बा," त्याने त्यांचा डावा हात धरला. "तिथे उतार आहे. फळी शिकंज्यांमुळे नाही बिघडली, आधीपासूनच बिघडत होती. तुम्ही खाली बसला होतात. तुम्हाला दिसलं होतं का? तेच सांगत होतात का मला?"

मोहिउद्दीनभाईंच्या छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर नेमकं त्यांच्याजवळ असलेलंच होतं.

"हां," ते म्हणाले. "हां. हां."

अरशद त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी उजेड आला आणि मग तो हळूहळू उतरला.

"की मी गोंद कमी लावला, ते दाखवत होतात?"

नाही, नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. "हां."

"का नुसतंच... बाहेर बसून कंटाळला होतात, घरी जायचं होतं?"

त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. हा शब्द बाहेर येऊ द्यायचा नाही. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. अरशद घाबरून म्हणाला, "राहू दे अब्बा, राहू दे," आणि श्वास सोडताना तो शब्द निघून गेलाच. "हां."

अरशदने मान खाली घातली. तो बराच वेळ त्यांचा हात चोळत बसला. उठताना म्हणाला, "मी समजून चालतो की तुम्हाला दिसलं होतं." पण समजून चालणं वेगळं आणि कळणं वेगळं. त्याच्या आवाजात ते होतं, आणि मोहिउद्दीनभाईंचे कान काही गेले नव्हते.

वाकडी फळी धाकल्याने भिंतीकडेला विटांवर टाकली. काम होईस्तोवर लूमवाले तिच्यावर बसू लागले. अरशदने पुन्हा प्लाय आणला. या वेळी वडलांना न्यायचं नाव त्याने काढलं, पण बिल्किसने ऐकून घेतलं नाही. "तिथे गेले की त्यांचा जीव घाबरतो. बघितलंस ना तू? डोळा वाचला ते नशीब." अरशदने वाद घातला नाही. त्या दिवशी सकाळी मोहिउद्दीनभाई नवा कुर्ता घालून घ्यायला हात पुढे करत होते, बिल्किसने तोच हात धरून त्यांची नखं कापली.

फळी झाली. धाकल्या भेटायला आला, पाड्यावरचे करवंदांचे द्रोण घेऊन. "सरळ झाली हाय उस्ताद, काय काळजी न्हाय," तो म्हणाला. पहिल्या वेळीही तो काही वेगळं म्हणाला नसता.

अरशदने मोबाइलवर फोटो दाखवला. नवी फळी, तिच्यावर वाइस बोल्टने आवळलेला, कडांवर चारही थरांच्या रेघा स्वच्छ दिसतायत. मोहिउद्दीनभाईंनी फोटो डोळ्यांजवळ ओढला. फोटो वरून काढलेला होता. वरून काढलेल्या फोटोत पीळ दिसत नाही, आणि पाय तर चौकटीत आलेच नव्हते. उजव्या मागच्या पायाखाली काय घातलंय? लोखंड घातलंय की प्लायचाच तुकडा? लाकडाचा तुकडा घातला असेल तर घणाखाली तो दबेल, दोन-चार महिन्यांत पुन्हा खाली जाईल.

"मस्त ना, अब्बा?"

काय उत्तर येणार हे दोघांनाही माहीत होतं. ते आलं. अरशदने हसून फोन खिशात टाकला. खाली कोणीतरी लूमवाला त्याची वाट बघत होता. मशीन बंद पडलं होतं, त्याने दोनदा हॉर्न वाजवला होता. कामं येऊ लागली होती.

तो उठताना मोहिउद्दीनभाईंनी त्याच्या शर्टाची कड डाव्या हातात पकडली. आता त्या हाताला चांगली ताकद आली होती. अरशदला वाटलं, दुआ द्यायची असेल. त्याने वाकून डोकं खाली केलं आणि तसाच थांबला. बिल्किस दारातून बघत होती. मोहिउद्दीनभाई त्याच्या केसांत अडकलेला प्लायचा भुसा बघत राहिले. मग त्यांनी शर्ट सोडून तो हात पोराच्या डोक्यावर ठेवला, कारण तेवढंच त्यांना करता येण्यासारखं होतं.

"येतो अब्बा," म्हणत अरशद जिना उतरून गेला.